चांभारचौकशी : पेल्याखालच्या एका चकतीची

मराठी भाषेने चांभाराला जे शब्द बहाल केले त्यांत 'चांभारचौकशी' हा शब्द मोठा बोलका आहे. नको तिथे नको ते विचारणे, ज्याचा आपल्याशी संबंध नाही त्याची पंचाईत करणे, असा त्याचा रूढ अर्थ. व्युत्पत्ती काहीही असो. पण चामड्याच्या धंद्यात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला ठाऊक असते की या धंद्यात चौकशीवाचून पाऊल टाकता येत नाही. जनावर म्हशीचे की बैलाचे? जवान की म्हातारे? मेलेले की कापलेले? तुकडा पाठीचा की पोटाचा? चुना जास्त लागला आहे काय? सालीत किती दिवस होते? यांतल्या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर वहाण एक पावसाळा टिकणार की तीन, हे ठरते. म्हणजे जे एका कारागिराचे शास्त्र होते ते भाषेने उपद्व्याप ठरविले. वैद्याने नाडी पाहून विचारले की ते निदान, वकिलाने विचारले की ती उलटतपासणी, आणि चांभाराने विचारले की ती चांभारचौकशी! प्रस्थापित भाषा ज्ञानाची वाटणी कशी करते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

या लेखात मला एका मजकुराची अशीच चौकशी करावयाची आहे. समीक्षेचा विषय कविता, कथा, आत्मकथन असावा असा संकेत आहे. तो संकेत मी बाजूला ठेवतो, कारण ज्या मजकुराने माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात एक वस्तू आणि डोक्यात त्या वस्तूबद्दलची एक कल्पना ठेवली, तो कवितेइतकाच काळजीपूर्वक वाचला पाहिजे असे मला वाटते.

मजकूर आहे दोन पानांचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांत कौशल्याचे छोटे छोटे अभ्यासक्रम निघाले आहेत. अशाच एका महाविद्यालयात कारखान्यातून उरलेल्या चामड्याच्या कातरणीपासून 'कोस्टर' तयार करण्याची दोन दिवसांची कार्यशाळा झाली आणि तीत हे टिपण वाटले गेले. कोस्टर म्हणजे पेल्याखाली किंवा कपाखाली ठेवायची चकती. अठराव्या शतकातल्या इंग्रज उमरावांच्या मेजावर मद्याची सुरई एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे सरकविण्यासाठी जी बैठक असे, तिच्यापासून हा शब्द आला. मराठीत त्याला शब्द नाही, कारण ज्या घरात मेजच नाही त्या घरात मेजावर उमटणाऱ्या ओल्या वर्तुळाची चिंता कोण करणार? आमच्या घरी पेला भुईवर ठेवला जाई, आणि भुई शेणाने सारवलेली असे.

टिपणातली कृती थोडक्यात अशी. तीन ते चार मिलिमीटर जाडीचा 'व्हेज-टॅन' तुकडा घ्यावा. दहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून कापावे. कडेची धार हत्याराने मोडावी. कड ओली करून, डिंक किंवा मेण लावून, गुळगुळीत लाकडाने चकाकेपर्यंत घासावी. हवा तर रंग द्यावा. शेवटी 'सील' करावे : एक तर मधमाशीचे मेण आणि तेल एकत्र वितळवून मुरवावे, नाही तर अॅक्रिलिकचा पातळ थर दोन-तीनदा द्यावा आणि प्रत्येक थर वाळू द्यावा.

कृती म्हणून यात खोटे काही नाही. तांत्रिकदृष्ट्या टिपण बरेचसे बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर आमच्या टीकेला 'ह्यांना प्रत्येक गोष्टीत जातच दिसते' असे म्हणून झटकून टाकणे सोपे होते. माझा आक्षेप या कृतीतील पहिल्या क्रियापदाला आहे. 'तुकडा घ्यावा.' कुठून घ्यावा? कोणाकडून? टिपणाच्या लेखी चामडे दुकानात जन्माला येते. त्याच्या आधी जनावर नाही, ओढणारा नाही, सोलणारा नाही, कमावणारा नाही. गंमत अशी की 'व्हेज' हा शब्द ऐकून वर्गातल्या एका मुलीने, हे चामडे शाकाहारी आहे का, असे अगदी मनापासून विचारले. शिकवणाऱ्या बाईंनी हसून 'वनस्पतीजन्य' असा खुलासा केला आणि पुढच्या पायरीकडे वळल्या. पण त्या खुलाशातच सगळा इतिहास दडलेला होता. मराठीत त्याला शब्द आहे. कातडे कच्चे असते, चामडे कमावलेले असते. 'कमावणे' या एकाच क्रियापदाने मराठी माणूस पैसाही मिळवतो, शरीरही घडवतो आणि कातडेही टिकाऊ करतो. कातड्याचे चामडे होते ते कोणाच्या तरी कमाईने. टिपणात इंग्रजी शब्द आला आणि कमावणारा गेला.

तो कमावणारा कोण होता? गावगाड्यात मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांवर लादलेले होते. कातडे कमवीत ते ढोर. वहाणा, मोटा शिवीत ते चांभार. काही भागांत मोट ढोरही शिवीत. दोर, नाडे वळीत ते मांग. भागाभागांत याच्या सीमा सरकतात, पण वाटणी अशी की एका मोटेला चार जातींचे हात लागत आणि त्या चार जाती एकमेकींच्या घरी पाणी पीत नसत. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या प्रबंधात बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे जे दाखवून दिले, त्याचे मूर्तिमंत उदाहरण म्हणून मोटेकडे पाहावे.

आणि कमावणे हे काय साधे काम आहे? चुन्यात भिजवून केस सोडवायचे, आतल्या बाजूचे मांस तासायचे, चुना धुऊन काढायचा. मग बाभळीची साल आणि हिरडा. कोल्हापूरकडे कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात सालीचा व हिरड्याचा अर्क भरून, ते टांगून ठेवण्याची रीत होती. अर्क आतून बाहेर झिरपत राहतो, खाली गळलेला पुन्हा वर ओतायचा, मग पिशवी उलटी टांगायची. कित्येक दिवस हे चाले. साल जुनी असेल तर दिवस वाढणार, पाऊस असेल तर आणखी वाढणार, हा हिशेब कुठल्या वहीत नव्हता. आजच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ह्याला टॅनिन आणि कोलॅजन यांचा संयोग म्हणतात. ज्यांनी तो संयोग शतकानुशतके साधला त्यांच्या वस्तीवरून जाताना लोक नाकाला पदर लावीत.

आता कातरणीचे पाहू. बाजारात कातरण किलोवर मिळते. धारावीत पाकिटे, पट्टे, पिशव्या कापल्या जातात आणि त्यांतून उरलेले तुकडे पोत्यात जातात. जगातले बहुतेक चामडे आज क्रोमने कमावलेले असते. ते लवकर तयार होते, मऊ असते, पाण्याला फारसे दबत नाही. पण ते ठसा धरत नाही आणि त्याची कड घासून चकाकत नाही. तेव्हा चकतीसाठी तुकडा निवडायचा तर आधी चौकशी आली. टिपणात ओळख दिलेली नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर साताऱ्याकडच्या एका बाजारगावात रापी आणि आरी घेऊन बसून काढले. त्यांना मी ते दोन कागद वाचून दाखविले. त्यांनी तुकडा उचलला, कापलेल्या कडेकडे पाहिले, जिभेने ओले केलेले बोट त्यावर दाबले आणि म्हणाले, "ह्यो सालीचा." दाबलेली जागा गडद झाली होती. दुसरा तुकडा कडेला निळसर करडा होता, त्याने पाणी वरच ठेवले. तिसरा सालीचाच, पण त्यांनी तो बाजूला टाकला. "पोटाचा हाय ह्यो. चकती वाळली की वाटीसारखी वाकंल. पाठीचा घे. न्हाईतर दोन पातळ तुकडं मासाकडनं मासाकडं चिकटव, म्हंजी एकमेकाला धरून ऱ्हात्यात."

मासाकडची बाजू मासाकडे, म्हणजे दोन्ही तुकड्यांची मूळची आतली बाजू आत. दोघांची वाकण्याची ओढ एकमेकांविरुद्ध लागते आणि चकती सपाट राहते. टिपणात वाकण्याची सूचना आहे, पण उपाय म्हणून वजनाखाली दाबून ठेवावे एवढेच म्हटले आहे. दाबलेली पोटाची चकती वजन काढल्यावर पहिल्या ओल्या पेल्याला पुन्हा वाकते.

कोणी म्हणेल, एका म्हाताऱ्याच्या चार अनुभवांवरून एवढे काय? मी म्हणतो, तेच तर विचारावयाचे आहे. हे चार अनुभव मराठीत कुठे लिहिलेले आहेत?

इथे मला आपल्याच साहित्याकडे वळले पाहिजे आणि थोडे कटू बोलले पाहिजे. दलित साहित्याची चर्चा आपण वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांभोवती केली. ते योग्यच होते; त्या तीन शब्दांनी मराठी साहित्याची झोप उडविली. १९७८ च्या 'बलुतं'पासून आत्मकथनांची जी लाट आली तिने गावगाडा म्हणजे आपुलकीचे एकत्र कुटुंब हे पांढरपेशा लेखनातील चित्र कायमचे फाडून टाकले. माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' हे १९७९ सालचे पुस्तक तर थेट आमच्या घरातले. शिक्षकाची नोकरी मिळाली तरी जात आणि जातीचा धंदा माणसाची पाठ सोडत नाही, याची ती दैनंदिनी आहे. नोकरीला लागलेल्या आमच्या पहिल्या पिढीने ती स्वतःची म्हणून वाचली. हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मध्ये चुलत्याबरोबर मेल्या जनावराचे कातडे सोलायला गेलेला मुलगा आहे. त्याच्या हातातल्या सुरीचा थरकाप वाचणाऱ्याच्या हातात उतरतो.

परंतु या सगळ्या लेखनात चामडे येते ते दुर्गंध म्हणून, ओझे म्हणून, शाळेतल्या मुलांनी पाहू नये म्हणून लपवायची गोष्ट म्हणून. ते तसेच होते, म्हणून तसेच आले. लेखकांना मी दोष देत नाही. ज्याच्या डोक्यावर गठ्ठा आहे त्याने गठ्ठ्याचे शास्त्र सांगत बसावे ही अपेक्षा क्रूर आहे. माझी तक्रार समीक्षेविषयी आहे. अपमानाच्या पानांवर आम्ही रेघा मारल्या, उतारे काढले, प्रश्नपत्रिकेत घातले. पण एखाद्या पानात बाप आरी कशी धरतो, आई सुतावर मेण कसे ओढते, असे एखादे वाक्य आले तर ते 'वातावरणनिर्मिती' म्हणून सोडून दिले. वेदना ही साहित्याची आणि कौशल्य हे तपशिलाचे, अशी वाटणी आम्हीही मान्य केली. ही वाटणी ब्राह्मणी आहे हे आमच्या लक्षात आले नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ साली समाजशास्त्रांतील विषमतेवर लिहिताना सिद्धान्त एकाने करावयाचा आणि अनुभव दुसऱ्याने पुरवावयाचा या व्यवस्थेवर बोट ठेवले होते. साहित्यात आम्ही त्या व्यवस्थेतला पुरवठादार होण्यात धन्यता मानली काय, असा प्रश्न विचारावयास हवा.

आणि आम्ही जी जागा मोकळी ठेवली ती आता भरली जात आहे. त्या दोन पानांच्या टिपणाची भाषा कुठून आली हे पाहिले म्हणजे ते कळते. हा छंद म्हणून चामडे हाताळण्याचा प्रकार मुख्यतः अमेरिकेत वाढला. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ येथे १९१९ साली जोडे दुरुस्तीचे सामान विकणारी एक पेढी निघाली. तिचेच पुढे टँडी हे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्पितळांत पडलेल्या सैनिकांना मन रमविण्यासाठी चामड्याचे काम दिले जाई. त्यातून छंदाच्या सामानाचा बाजार उभा राहिला. अॅल स्टोलमन यांच्यासारख्या कारागिरांनी त्या बाजारासाठी चित्रांसह पुस्तके लिहिली, आणि ती उत्तम आहेत. आरी कोणत्या कोनात धरावी, टाका कसा ओढावा, हे त्यांत मायेने सांगितलेले आहे. ती वाचताना मला हेवा वाटला हे कबूल करतो. जखमी सैनिकाच्या हातात चामडे देताना तिथे कोणालाही तो बाटेल असे वाटले नाही. तिथल्या समाजाचे पाप वेगळे आहे, वर्णद्वेषाचे. पण चामड्याला हात लावल्याने माणूस जन्मभर आणि जन्मोजन्म अपवित्र होतो हा शोध आमचा. म्हणून 'तुकडा घ्यावा' हे वाक्य टेक्सासमध्ये निरागस असू शकते. मराठीत आणले की ते निरागस राहत नाही. मराठीत ते वाक्य कोणाला तरी गाळून पुढे जाते.

आता 'सील' करण्याकडे येतो, कारण माझ्या मते या मजकुराचा गाभा तिथे आहे.

टिपण म्हणते, चामडे पाणी पिते, म्हणून त्याला पाण्यापासून वाचविले पाहिजे. खरे आहे. सालीच्या चामड्यावर ओला पेला ठेवला तर वर्तुळ उमटते. पेल्याखाली लोखंडाचा गंज असेल तर ते काळेच उमटते, कारण सालीतला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. ह्याच गुणाचा उपयोग करून लोखंडाचा गंज आंबवलेल्या पाण्यात मुरवून चामडे काळे करण्याची रीत जगभर आहे. टिपणात तो डाग आहे, रंग नाही. बरे, सील कशाने करावयाचे? मेण मुरविले तर गरम चहाच्या कपाखाली ते मऊ होते आणि कपाच्या बुडाला त्याचा ओशट ठसा लागतो. अॅक्रिलिकचा थर दिला तर पाणी आत जात नाही, पण मग थंड पेल्यावरून ओघळलेले पाणी चकतीवर साचते आणि पेला उचलला की चकतीही चिकटून वर येते. शिवाय थर फक्त वरून दिला आणि कड व बूड तसेच ठेवले तर पाणी तिथून शिरतेच. वडिलांचा सल्ला साधा होता : "त्येल पाज. वरनं फासू नगंस." वहाणेला तेल पाजतात. हे मराठी क्रियापद पाहा. सील करणे म्हणजे वस्तूचे तोंड बंद करणे. तेल पाजणे म्हणजे तिला तहान आहे हे मान्य करणे. अर्थात तेल पाजलेली चकती पाण्याला पूर्ण बंद नसते, तिच्यावर डाग पडतात, ती काळवंडत जाते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिला पुन्हा पाजावे लागते. ज्याला एकदा करून विसरून जायचे आहे त्याने अॅक्रिलिक द्यावे. मात्र थर चारी बाजूंनी द्यावा.

पण हा झाला कृतीचा भाग. मला विचित्र वाटले ते असे की या टिपणात चामडे हे पाण्याचे भित्रे आहे. आमच्या इतिहासात नेमके उलटे होते. चामडेच पाणी धरीत होते, अडवीत होते, वर आणीत होते. विहिरीवर मोट चालत असे. मोट चामड्याची, तिची सोंड चामड्याची. नाडा ओढला की मोट वर येई, सोल सैल पडली की सोंडेतून पाणी थारोळ्यात आणि तिथून पाटात. त्या पाण्यावर पाटलाचा ऊस पिके, त्याच पाटाचे पाणी ओंजळीने कुळवाडी पीत, ब्राह्मण शेतमालकाच्या बागेतली देवाची फुलेही त्याच पाण्यावर फुलत. पाणी चामड्यातून आले म्हणून कोणी पाट सोडून दिला नाही. लोखंडी मोट आणि मग इंजिने आली तोपर्यंत हे चालले. पखालीने पाणी वाहिले जाई, बुधल्यांतून तेल-तूप जाई. स्टोव्हच्या पंपाला चामड्याचा वॉशर असे. १९७०-८० च्या दशकांत गावोगाव जे इंडिया मार्क टू हातपंप बसले त्यांच्या नळीत आधी चामड्याचेच वॉशर होते, नायट्राइल रबर पुढे आले. गावातला पंप वेगळा आणि दलित वस्तीतला वेगळा. दोन्हींत पाणी वर चढवीत होते ते चामडेच.

म्हणजे विटाळ चामड्याला नव्हताच. जिथे फायदा होता तिथे चामडे शुद्ध होते. मृदंग, तबला देवळात जात होते. विटाळ होता तो हाताला. टी. एम. कृष्ण यांनी २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात मृदंग तयार करणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांची हकीगत लिहिली तेव्हा हाच प्रश्न कर्नाटक संगीताच्या गाभाऱ्यात उभा राहिला, आणि चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनसमारंभाला दिलेले सभागृह परत घेतले. वाद्य हवे, वादक हवा. कातडे ताणणारा पानावर नको!

या प्रकाशात पेल्याखालच्या चकतीकडे पाहिले की तिचा अर्थ बदलतो. माझ्या वडिलांच्या पिढीने हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यातला वेगळा कप धुऊन चहा घेतला. त्यावर या पानांत पुष्कळ लिहून झाले आहे, मी पुन्हा सांगत नाही. एवढेच म्हणतो की त्यांचा हात ज्या पेल्याला चालत नव्हता त्याच पेल्याखाली आज त्यांच्या हातचे शास्त्र चालते. मात्र ते सील करून. वर निनावी थर देऊन. चकती दिवाणखान्यात पोचते ती तिच्यावर कोणाच्याही हाताची खूण उरलेली नसते तेव्हाच. आणि वापराने रंग चढलेल्या चामड्याचे कौतुक करायला इंग्रजीत 'पॅटिना' हा शब्द आहे, तोही टिपणात आहे. सालीच्या अर्कात आयुष्य गेल्याने ज्यांचे तळहात कायमचे तांबडे-तपकिरी झाले, त्यांच्या त्या रंगाला कोणी पॅटिना म्हटले नाही.

आता आपल्यातल्याच कार्यकर्ता मित्रांचा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ते म्हणतील, तुम्ही धंद्याचे गोडवे गाऊ लागलात. बाबासाहेबांनी ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही कातड्याचे शास्त्र शिकवा म्हणता? गांधीजींच्या आश्रमांतून, नालवाडीच्या चर्मालयातून चर्मोद्योगाला जे नैतिक तेज देण्याचा प्रयत्न झाला त्याचीच ही नवी आवृत्ती नाही काय?

नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाचा समाचार घेतला आहे. मेल्या जनावरांचे कातडे, शिंगे, हाडे सोडल्याने अस्पृश्यांचे वर्षाला अमुक रुपयांचे नुकसान होते, असे 'केसरी'तून कोणी मांडले होते. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर असे की एवढाच फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. आम्हांला इज्जत हवी आहे. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना फोडून काढले गेले, तेव्हा तिथल्या दलितांनी सरकारी कचेऱ्यांसमोर मेलेली जनावरे आणून टाकली आणि यापुढे ओढणार नाही म्हणून शपथा घेतल्या. तेही हेच उत्तर होते. त्या उत्तरात तडजोड नाही आणि नसावी. जन्माने मिळालेले काम सोडण्याचा हक्क हा पहिला हक्क आहे.

पण काम सोडणे वेगळे आणि ज्ञान बेवारस सोडणे वेगळे. गांधीवादी माणूस म्हणतो, काम पवित्र आहे म्हणून तू ते करीत राहा. मी म्हणतो, तू करू नकोस; पण जे तुझ्या घराने शोधले त्यावर तुझे नाव घाल, त्याची किंमत घे, आणि ते शिकवायचे असेल तर खुर्चीवर बसून शिकव. कांचा इलय्यांनी २००७ साली 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' हे मुलांसाठी पुस्तक लिहून चर्मकार, कुंभार, न्हावी यांचे शास्त्र शाळेच्या वयाला सांगितले, त्यामागची भूमिका मला जवळची वाटते. मराठीत तसे पुस्तक असते तर त्या कार्यशाळेत बाईंना 'व्हेज'चा खुलासा करावा लागला नसता.

नाव घालण्याचा प्रश्न केवळ भावनेचा नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानमध्ये तसल्याच चपला दाखविल्या आणि ओरड झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरी असल्याचे मान्य केले. त्या ओरडीत 'आपली कोल्हापुरी', 'महाराष्ट्राचा वारसा' असे शब्द उदंड होते. ज्यांच्या घरी कोल्हापुरी शिवली जाते त्यांच्या जातीचे नाव घेताना मात्र अनेकांची जीभ अडखळली; 'कारागीर' हा सील केलेला शब्द वापरणे सोयीचे गेले. वारसा महाराष्ट्राचा आणि वास तेवढा आमचा! उलट मुंबईत सुधीर राजभर या कलावंताने आपल्या पिशव्यांच्या उपक्रमाला 'चमार' हेच नाव दिले, आणि गोवंश हत्याबंदीनंतर कातडे मिळेना म्हणून जुन्या टायरच्या रबराकडे वळले. शिवीचा शब्द किमतीच्या चिठ्ठीवर छापणे हे मला पूर्णपणे पटते असे नाही. बाजार शिवीही पचवतो. पण निदान तिथे पहिले क्रियापद कर्त्यासकट येते.

मार्च २०१५ च्या त्या कायद्याचा उल्लेख टिपणात नाही हे सांगावयास नकोच. बैल आणि वळू बंदीत आले, म्हैस राहिली. ज्यांचा बैलाच्या चामड्यावर संसार होता त्यांना परप्रांतातल्या मालाकडे किंवा म्हशीकडे वळावे लागले. आज कातरणीच्या पोत्यात जे हाताला लागते ते या सगळ्यातून आलेले असते. तुकडा कधीच नुसता तुकडा नसतो.

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट मी पाहिली. महाविद्यालयाच्या फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ चपला सांधायला बसतात. मुले त्यांना मामा म्हणतात. एका मुलाची चकती कापताना कड फाटली. तो कोणाला न विचारता बाहेर गेला आणि मामांकडून ती रापीने तासून घेऊन आला. मामांनी पैसे घेतले नाहीत. बाईंनी त्याच्या चकतीला उत्तम शेरा दिला. प्रमाणपत्र त्या मुलाला मिळाले; शिकविल्याचे मानधन अर्थात बाईंना. मुलगा चांभारवाड्यातला होता. मामांकडे कशाला गेलास, असे मी त्याला नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, त्यांना येतं ना." मग थोडे थांबून म्हणाला, "आमच्या पप्पांनाही येतं. पण ते फॉर्मवर 'व्यवसाय' मध्ये शेती लिहायला सांगतात."

पप्पा बरोबर आहेत. त्या रकान्यात काय लिहिले म्हणजे मुलाला कोणत्या बाकावर बसावे लागते हे ते जाणतात. त्यांना धीट व्हा म्हणून सांगण्याचा अधिकार पगार घेणाऱ्या मला नाही. मला माझ्या हातात असलेले काम करता येते, ते म्हणजे मजकुराचे.

ही कार्यशाळा पुढच्या सत्रात पुन्हा व्हायची आहे. मी टिपणाचा नवा मसुदा लिहून दिला आहे. त्यात सुरुवातीला अर्धे पान चामडे कसे कमावले जाते आणि कोणी कमावले याचे आहे, तुकडा ओळखण्याची रीत आहे, मासाकडून मासाकडे चिकटविण्याची रीत आहे, 'व्हेज-टॅन' च्या जागी 'सालीचे चामडे' आणि सील करण्याबरोबर 'तेल पाजणे' हाही पर्याय आहे. शिकविण्यासाठी मामांना मानधनावर बोलवावे अशी सूचना शेवटी जोडली आहे. समितीने रीती ठेवल्या, तेल ठेवले. मानधनासाठी मामांच्या शैक्षणिक पात्रतेचा दाखला मागितला आहे. सुरुवातीचे अर्धे पान दोन ओळींत बसविता येईल का, अशी विचारणा झाली आहे, आणि त्यातला 'ढोर' हा शब्द राहावा की 'पारंपरिक कारागीर' असे करावे यावर पुढच्या बैठकीत चर्चा होणार आहे. शब्द बदलावयाचा असेल तर कारण लेखी द्यावे, असे मी कळविले आहे.